छबूला जमत नाही

२२ नोव्हेंबर

अमृत. अमृत. अमृत.

ओळ संपली.

२३ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरचा हुकूम. रोज काहीतरी लिहा म्हणाला. काय लिहू? उजवा हात मेला, मी राहिलो. उलटं झालं असतं तर बरं होतं.

२५ नोव्हेंबर

माझी बायको छबू भाकरी कालवणात चुरून देते. लहान पोराला देतात तशी. मी खातो. आज एवढंच. बोटं दुखली.

२८ नोव्हेंबर

आता अक्षर लागतंय. कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे, पण लागतंय. निदान मला तरी.

ही डायरी यशोधराने दिली. माझी पोरगी, कोपरगावला नर्स आहे. म्हणाली, "पप्पा, कुणी वाचणार नाही. मनात येईल ते लिहा, शिव्या लिहिल्या तरी चालतील." म्हणून लिहितो.

मी अमृत पेंटर, सोनई. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, पाण्याच्या टाक्या, जयंतीच्या कमानी, सगळं हाताने केलं. मग फ्लेक्स आला आणि दुकानं गेली. शाळा तेवढ्या राहिल्या, कारण शाळेच्या भिंतीला सुविचार लागतात. नेवासा तालुक्यात अशी शाळा दाखवा जिथे माझा सुविचार नाही.

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी हातातून सुटली. मला वाटलं तेलकट असेल. छबू माझ्या तोंडाकडे बघत उभी. तोंड वाकडं झालं होतं ते मला कुठे माहीत! रामहरीने टेम्पोत घालून नगरला नेलं म्हणून वाचलो. कशाला वाचलो, ते मात्र कुणी सांगत नाही.

१ डिसेंबर

भेटायला माणसं येतात. आली की खाटेवर बसतात, उसासा टाकतात आणि एक सुविचार सोडतात. "संकट हीच संधी असते, पेंटर." "मनात उमेद असली की वाट सापडते." अरे, मला काय सांगता? तुमच्या पोरांच्या शाळेवर तो मीच लिहिलाय! पिवळ्यावर निळा, खाली काळी सावली देऊन.

आज रामहरी आला. माझा लंगोटीयार, पण त्यालाही राहवलं नाही. म्हणाला, "गड्या, हिंमत सोडू नको. रात सरली की उजाडतंच." हे त्याच्या टेम्पोच्या मागे लिहिलंय. मीच लिहिलंय. मी म्हणालो, "रामहरी, स्वतःचं काहीतरी बोल की." तर डोळे पुसायला लागला. मलाच वाईट वाटलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गावभर शहाणपण रंगवलं, त्यातलं मूठभर घरी आणलं असतं तर आज कामाला आलं असतं.

जाताना त्याला सांगितलं, खाटेखालचा ब्रशचा डबा घेऊन जा आणि भंगारात दे. त्याने छबूकडे पाहिलं. छबूने त्याच्यापुढे चहा ठेवला. चहा पिऊन गेला तो. डबा आहे तिथेच आहे.

३ डिसेंबर

आज माधुरी मॅडम आल्या. कालव्यापलीकडच्या वस्तीवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बाई चांगल्या आहेत, सुविचार न सांगता थेट कामाचं बोलल्या.

जिल्ह्याचं नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आता शाळांच्या, सोसायट्यांच्या, ग्रामपंचायतींच्या पाट्या नव्याने लिहायच्या. पेंटरच्या जन्मात असा हंगाम एकदाच येतो, आणि नेमका माझा हात आत्ताच गेला! दैव देतं आणि कर्म नेतं. दैव आपण मानत नाही, पण म्हण मानावी लागते.

"अमृतभाऊ, सव्वीस जानेवारीच्या आत पाटी आणि पुढची सगळी भिंत करायची आहे. जमेल?"

मी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि सोडून दिला. मांडीवर धप्पकन पडला. "हे बघा," म्हटलं.

मॅडम ओशाळल्या. "मग नाइलाजाने फ्लेक्स लावावा लागेल."

"लावा."

चुलीपाशी बसलेली छबू तिथूनच बोलली, "लावू नका, मॅडम. आमी घेतो काम."

"आमी म्हणजे कोण गं?" मी ओरडलो. ओरडताना जीभ अजून जड होते.

"मी रंगवीन. हे सांगतील तसं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पाठीमागे दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मॅडम गेल्यावर छबू म्हणाली, "ठरलं." माझ्या कामाचं माझ्या घरात मला न विचारता ठरतं. माणूस आडवा झाला की संपला.

४ डिसेंबर

रात्रभर धुसफुसत होतो. छबूला काय येतं? जन्मभर ब्रश धुतले, रंग कालवला. दोरी मारायची असली की दोरीचं दुसरं टोक धरलं. गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे टिचकी मारली की भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर मी अक्षरं आखायचो आणि आतला रंग ही भरायची. भरायला काय अक्कल लागते? एक थेंब कधी रेघेबाहेर गेला नाही हे खरं, पण रेघ माझी होती ना.

मी स्पष्ट सांगितलं, "अख्ख्या तालुक्यात हसं होईल माझं." तर म्हणाली, "व्हऊ द्या की. घरात तरी कुठं हसू राह्यलंय."

६ डिसेंबर

छबू पांढरं लुगडं नेसून विहारात अभिवादनाला गेली. मी या वर्षी घरातच हात जोडायला गेलो. एका हाताने हात जोडता येत नाहीत हे आज कळलं.

परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मेणबत्त्यांचा धूर लागला म्हणाली. आज गर्दी असणार, धूर होत असेल.

विहाराच्या भिंतीवर मी चार ओळी लिहिल्यात. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. दुःख संपवता येतं. त्याला मार्ग आहे. लिहिताना माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, चौथी ओळ खिडकीच्या वर मावते की नाही. आज पडल्यापडल्या पहिल्यांदा वाचल्या. पहिली ओळ पटली. पुढच्या तीन जमल्या नाहीत.

९ डिसेंबर

काय बाई आहे ही!

सकाळी कुणाच्या तरी किराणा दुकानाची जुनी पत्र्याची पाटी आणून तिला पांढरा हात मारला आणि अंगणात लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली. बरोबर माझ्या खाटेसमोर. दुसरीकडे जागाच नव्हती म्हणे. मग ब्रश घेऊन 'जिल्हा परिषद' लिहायला बसली.

शिरोरेघ निघाली ती चालली खाली, पार उतारावर. कालव्याच्या पाण्याला उतार लागतो, अक्षराला नाही. मी डोळे मिटून घेतले. पण मिटून किती वेळ मिटणार? डोळ्यासमोर वाकडी रेघ असली की माझ्या दातात खडा आल्यासारखं होतं.

"छबे, रेघ वाकडी!"

"कुठं? मला तर सरळ दिसती."

"डोळे फुटले का? उजवं टोक बघ!"

"अंगणच वाकडं हाय, त्याला मी काय करू?"

नाचता येईना तर अंगण वाकडं, ते हेच. "पाटी वर उचल," म्हटलं तर खालीच ढकलली. "डाव्या बाजूला" म्हटलं तर उजव्या बाजूला. शेवटी म्हणाली, "मला न्हाई समजत. तुमीच यून दावा."

मी उठलो. भिंत धरली, मग दाराची चौकट धरली, मग ओट्याचा खांब. पाटीपाशी गेलो आणि बोटाने रेघ दाखवली. तेव्हा ध्यानात आलं की मी अंगणात उभा आहे. एरवी रोज छबू हात देते. आज मी उंबरा ओलांडला तेव्हा ही नेमकी वाकून ब्रश धूत होती. मी पडलो असतो तर? बेफिकीर बाई.

१३ डिसेंबर

रोज सकाळी खुर्ची टाकून अंगणात बसतो. बसावंच लागतं.

आज 'अहिल्यानगर'. सुरुवातीचा 'अ' केवढा काढला, बैलगाडीच्या चाकाएवढा! मग जागा संपत आली तशी अक्षरं बारीक होत गेली आणि शेवटचा 'र' पाटीच्या कडेला चिकटून उभा राहिला, एसटीच्या दारात लटकल्यासारखा. ही चूक पहिल्या आठवड्यातली चूक आहे. शिकाऊ पोरगंही ती दुसऱ्यांदा करत नाही. आधी अक्षरं मोजायची, मग जागा मोजायची, मग हात उचलायचा.

"इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून काय शिकलीस?"

"तुमच्याबरोबर राहायला शिकले. तेच लई अवघड हुतं."

मला हसू आलं. तोंडाची एकच बाजू हसते अजून. छबू बघत होती, म्हणून लगेच ओरडलो.

१४ डिसेंबर

'र' अजून चिकटलेलाच. उद्या खडूने मीच खुणा करून देणार. हिच्या भरवशावर राहिलो तर पुढची दिवाळी येईल.

१८ डिसेंबर

आज वाईट दिवस.

सकाळी शर्टाचं बटण लावता येईना. साधं बटण. कितीतरी वेळ एका हाताने झटत होतो. छबू लावायला आली आणि मी तिचा हात झटकला. धक्क्याने रंगाचा डबा कलंडला. सगळा निळा रंग सारवलेल्या अंगणात पसरला.

मी रडलो. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. माझ्या बापाच्या मातीलाही असा रडलो नव्हतो. हुंदके आवरेनात. नाक गळत होतं आणि पुसायला पुरेसे हात नव्हते. छबूने पदराने नाक पुसलं आणि जवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "रडा. मी हाय इथंच." बस्स, एवढंच. सगळ्या गावाने मला सुविचार दिले, हिने एकही दिला नाही. पुष्कळ वेळ आम्ही तसेच बसून होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं.

मग म्हणाली, "निळा संपला. दुकानातून कोंचा आणू? मला न्हाई कळत त्यातलं."

आमचा रंग आजवर हीच आणते. नंबर, कंपनी, सगळं तोंडपाठ. माझ्या दुखण्याच्या धसक्याने विसरली असणार. बिचारी. मी कागदावर नंबर लिहून दिला, डाव्या हाताने. दुकानदाराला लागला म्हणे.

२० डिसेंबर

यशोधराचा फोन. विचारलं, "पप्पा, काम कसं चाललंय?"

मी म्हणालो, "काम कसलं? तुझ्या आईला काहीसुद्धा येत नाही. रेघ वाकडी, अक्षर वाकडं, रंगाचा नंबर ठाऊक नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागे लागावं लागतं."

पलीकडे पोरगी हसली. मग तिचा आवाज ओला झाल्यासारखा वाटला. "शिकवा तिला, पप्पा," म्हणाली, "पण चिडू नका फार. आणि आईला फोन द्या." दोघी मायलेकी बराच वेळ कुजबुजत होत्या. बायकांचं काय चालतं ते बायकांनाच माहीत.

२४ डिसेंबर

काठी घेऊन शेजारच्या बनुबाईच्या दारापर्यंत गेलो. घराबाहेर पहिल्यांदाच. बनुबाईच्या दारावर नव्या रंगात तिच्या नवऱ्याचं नाव. सुरेख अक्षर! शिरोरेघ ताठ, 'ण'चा काना बरोबर, दोन शब्दांतलं अंतर पाहिजे तेवढंच.

"कुणी लिहिलं?"

"तुमच्या घरातलीनं. परवा दुपारी, तुमी निजले हुते तवा. असं झटक्यात लिवलं बाई, मी भाकर थापून वर बघितलं तर झालं पन."

घरी येऊन छबूला विचारलं. म्हणाली, "कसं काय जमलं कुनास ठाऊक. परत न्हाई जमायचं." खरं आहे. लागला एखादा तुक्का. पण मी शिकवल्याचा थोडा परिणाम होतोय, हे मात्र नाकारता येत नाही.

२ जानेवारी

रामहरीच्या टेम्पोतून शाळेत गेलो. टेम्पोत चढताना त्याने मागून आणि छबूने पुढून धरलं, पोतं चढवतात तसं. मी दोघांनाही शिव्या दिल्या. रामहरी खूश झाला, म्हणाला, "आता आमचा अमृत आल्यासारखा वाटतोय."

भिंत मोठी आहे. पांढरी, कोरी. एरवी अशी भिंत बघितली की माझे हात शिवशिवतात. आज मी नजर वळवली. मॅडमनी खुर्ची दिली. पोरं खिडकीतून बघत होती. छबूने दोरी गेरूत भिजवली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या डाव्या हातात दिलं. "वढा," म्हणाली.

मी ताणली. टिचकी तिने मारली. भिंतीवर लालसर रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मी तिथेच थोडा वेळ रेघेकडे बघत उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बसा, अमृतभाऊ, दमाल." दमलो नव्हतो. बरं वाटत होतं, म्हणून उभा होतो.

७ जानेवारी

छबूने खडूने 'अ' आखला, बेढब. पुसला. पुन्हा आखला, आणखी बेढब. "इकडे दे तो खडू!" म्हणून मी हिसकावून घेतला आणि आखला. डाव्या हाताने. तिच्यापेक्षा थोडा बरा आला. खरं सांगायचं तर तोही बेढबच होता, पण निदान 'अ' होता.

मग दिवसभर मीच आखलं, ती भरत गेली. खांदा ठणकतोय. झोप छान लागणार.

१५ जानेवारी

एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतो.

छबू रोज माझ्या आधी चालत शाळेत जाते. रामहरी मला मागून आणतो. आज त्याला दूध घालायचं होतं म्हणून त्याने मला लवकर सोडलं. फाटकातून पाहिलं तर छबू शिडीवर होती, पाठमोरी. पदर खोचलेला. शाळेच्या मुख्य पाटीची शिरोरेघ ओढत होती. दोरी न मारता, खडू न लावता, श्वास धरून, एका दमात. या कडेपासून त्या कडेपर्यंत ब्रश असा चालला, जसा माझा चालायचा. मी जागच्या जागी उभा.

माझी काठी फाटकाला लागली. तिने वळून पाहिलं. पुढचं अक्षर घेतलं आणि त्याचा काना पार तिरका गेला.

"बघा की वो, परत वाकडं गेलं!" म्हणाली.

बिचारी! माझा इतका धाक आहे तर. मी नसलो की हात चालतो, मी दिसलो की कापतो. मास्तर मारका असला की पोराला येत असलेला पाढाही चुकतो, तसं झालं. शिडीखाली जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "घाबरू नकोस. हळू घे. मी आहे ना." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. रडत असेल असं वाटून मी पुढे काही बोललो नाही.

आजपासून ओरडणं कमी करायचं ठरवलं.

२१ जानेवारी

भिंत झाली. पाटी झाली. जि. अहिल्यानगर, शेवटचा 'र' ऐसपैस उभा. फाटकाजवळची एक चौकट उरली आहे. मॅडम म्हणाल्या, "तिथे तुमच्या मनाने लिहा, अमृतभाऊ. इतके सुविचार लिहिलेत, एक तुमचा आवडता."

मी चहा घेत विचार केला. एकही आवडता निघाला नाही. सगळे पाठ आहेत, सगळे दुसऱ्याचे. आजारपणात एकानेही माझं बटण लावलं नाही. म्हटलं, आधी हात तरी चालवून बघू, शब्द मागून येतील. डाव्या हातात ब्रश घेतला. खडू नाही, ब्रश. बशी सुटली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

नाही जमलं. खडू भिंतीला टेकतो, ब्रश टेकत नाही, तो तरंगत धरावा लागतो. रेघ थरथरत गेली, रंग जास्त झाला, ओघळ पार खालपर्यंत आला. पोरं बघत होती. वाटलं, ब्रश फेकून द्यावा, घरी जावं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजावं. सगळं परत पहिल्यासारखं काळं दिसायला लागलं.

छबू म्हणाली, "द्या, मी करते." ब्रश घेतला आणि माझ्या ओघळाशेजारी तिने दुसरा ओघळ आणला, माझ्यापेक्षा लांब! आणि मटकन खाली बसली. "जाऊ द्या. आपल्याला न्हाई जमायचं. मॅडमना सांगा, फ्लेक्स लावा."

तोंड एवढंसं केलेलं. मला तिची इतकी कणव आली की माझं दुःख बाजूलाच राहिलं. मी काठी टेकत तिच्यापाशी गेलो. "अगं, एवढ्यात काय तोंड पाडतेस? आज नाही जमलं तर उद्या जमेल. भिंत काय पळून जाते?"

मागे माधुरी मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, "हेच लिहा."

"हा सुविचार नाही, मॅडम. हे मी बायकोला समजावत होतो."

"हेच लिहा," त्या पुन्हा म्हणाल्या.

छबूने फडक्याला टर्पेंटाइन लावलं आणि दोन्ही ओघळ पुसून टाकले.

२३ जानेवारी

लिहिलं. काल अर्धं, आज अर्धं. डाव्या हाताने, ब्रशने, एकट्याने. छबूने फक्त डबा धरला.

अक्षर चांगलं नाही. 'ज' लंगडतो, 'भिंत' चढाला लागलीय. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याला पेंटर म्हटलं नसतं. पण मला ते पुसावंसं वाटलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. वरची दोन बटणं छबूने लावली, बाकीची मी.

झेंडा झाल्यावर मॅडमनी पोरांकडून भिंत वाचून घेतली. सगळे सुविचार पोरांनी एका चालीत म्हटले, दरवर्षी म्हणतात तसे. फाटकाजवळच्या चौकटीपाशी आली आणि थांबली. कारण हे पाठ नव्हतं. मग एकेक अक्षर लावत वाचलं, "आज नाही जमलं तर उद्या जमेल. भिंत काय पळून जाते?" आणि खो खो हसली. इतक्या वर्षांत माझ्या सुविचारावर हसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

पहिलीतली एक पोरगी मागे राहिली. तिने 'ज'वर बोट ठेवलं. "बाबा, हा तुमी काढला?"

"हो."

"माझा पन असाच येतो." एवढं बोलून खाऊ घ्यायला पळाली.

मला तिथे कसंतरीच झालं. मी छबूला शोधत होतो. ती मॅडमशेजारी उभी होती आणि या वेळी डोळे पुसत असल्याचं लपवतही नव्हती. इथे मेणबत्ती नव्हती की धूर नव्हता. मी तिला म्हणालो, "आता कशाला रडतेस? झालं ना काम." म्हणाली, "झालं म्हणूनच."

२८ जानेवारी

रामहरी निरोप घेऊन आला. पलीकडच्या गावच्या सोसायटीची पाटी आणि दूध डेअरीची भिंत करायची आहे. छबू चुलीपुढून उठलीसुद्धा नाही, तिथूनच म्हणाली, "मी एकटी न्हाई घेनार. हे संगं आसतील तरच घ्या. मला एकटीला न्हाई जमत."

रामहरी माझ्याकडे बघून हसायला लागला. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मी होकार दिला.

जेवण झाल्यावर खाटेवर बसून विचार करत होतो. छबूची रेघ अजून मधूनच घसरते. अंतराचा अंदाज नाही. रंगाचे नंबर विसरते. मी पाठीशी उभा राहिलो की हात कापतो, आणि मी नसलो तर काम घेतच नाही. जीव लावते कामाला, त्यात वाद नाही, पण अजून कच्ची आहे. शिकायला दोनचार वर्षं तर लागतीलच, जास्तही लागतील. तोवर मला मरून चालायचं नाही.